प्रति: 'झार' म्हणजे नुसती पाटी?

अमेरिकेत एखादा ठरावीक प्रश्न हाताळायला नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला बोलीत 'झार' म्हणतात. 'हे झार म्हणजे नुसती पाटी, हाती काही नाही' असं म्हटलं जातं. ते बऱ्याच जणांना लागू पडतं, पण ड्रग झारला, म्हणजे अमली पदार्थविरोधी धोरणाच्या प्रमुखाला नाही. ते पद १९८८च्या कायद्यातून आलंय आणि नेमणुकीला सिनेटची मंजुरी लागते. खरी मेख बजेटमध्ये आहे. प्रत्येक खात्याला अमली पदार्थविरोधी कामाची पैशांची मागणी ड्रग झारकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. रक्कम अपुरी वाटली तर तो प्रमाणपत्र नाकारतो. १९९७मध्ये तेव्हाचे ड्रग झार मॅकॅफ्री यांनी थेट पेंटागॉनला, म्हणजे संरक्षण खात्याला असं अडवलं होतं. हे हत्यार क्वचितच बाहेर निघतं, कारण कॅबिनेट मंत्र्याशी उघड वैर कोण घेणार!

बाकीच्या बहुतेक झारांना असा कायद्याचा आधार नसतो, त्यामुळे ते चटकन उडतात. २०११मध्ये अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) हवामान, आरोग्य, वाहनउद्योग आणि शहरविषयक झारांचा पैसाच कापला.