बोटीच्या ट्रेलरला कुठले टायर? शनिवारच्या आत उत्तर हवंय

तळ्याकाठी
मंडळी, घाईत आहे. ट्रेलरचा टायर पुन्हा गेला. शनिवारी पहाटे निघायचंय. दुकानात 'बी' आणि 'सी' असे दोन मिळतायत, सी महाग आहे. कुठला घेऊ? कृपया 'गूगल कर' म्हणू नका, ते करूनच इथे आलोय.

नटबोल्ट
माप काय? वजन किती? राहता कुठे? बी-सी सांगितलंत, बाकी सगळं आम्ही स्वप्नात बघायचं का?

मालवणीतडका
डोळे मिटून छोट्या हत्तीचे टायर टाका. १४५ आर १२, आठ प्लाय, म्हणजे आठ थरांइतकी ताकद. मेव्हण्याची फायबरची होडी आम्ही मालवणहून आचऱ्याला याच टायरांवर नेतो. पाच वर्षांत साधं पंक्चर नाही.

तळ्याकाठी
अहो, मी मिशिगनमध्ये, लॅन्सिंगजवळ असतो. इथे छोटा हत्ती कुठून आणू? टायरवर ४.८०-१२ लिहिलंय. बोट चौदा फुटी, अ‍ॅल्युमिनियमची.

डेट्रॉइटकर
'एसटी' लिहिलेलेच घ्या, म्हणजे खास ट्रेलरचे. गाडीच्या टायरची कड मऊ असते, मागे बोट डुलत राहते. बी म्हणजे जुन्या भाषेत चार प्लाय, सी म्हणजे सहा. तुमच्या मापात बी ६० पीएसआयला ७८५ पाउंड पेलतो, सी ९० पीएसआयला ९९०. ट्रेलरच्या टायरात हवा कडेवर लिहिलेली कमाल भरायची, तीही टायर गार असताना. गाडीसारखी ३२-३५ भरून निघालात की टायर तापून फुटलाच म्हणून समजा.

नटबोल्ट
रिमवर पण कमाल हवा कोरलेली असते. रिम ९०ची नसेल तर सीचे जादा पैसे पाण्यात. आधी वजन धरा: बोट, ट्रेलर, मोटर, बॅटरी. सहा गॅलन पेट्रोलच ३६ पाउंड होतं. बर्फाची पेटी विसरू नका, ती कोणीच धरत नाही.

शरयू_अ‍ॅन_आर्बर
मिशिगनमध्ये १ जुलै १९९६ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना मोटरबोट चालवायला सुरक्षा प्रमाणपत्र लागतं हं. आमच्या लेकाने ऑनलाइन केलं, एका दुपारचं काम.

तळ्याकाठी
ताई, माझा जन्म ७८चा आहे. 😀 सगळं मिळून हजार पाउंडाच्या आसपास.

डेट्रॉइटकर
मग बी पुरे. दोन टायर मिळून १५७० होतात.

हायवेवीर
बी अजिबात नको. सी घ्या, त्यातही रेडियल. मी तर बोट मागे लावून ताशी ७५ मैलांनी जातो.

डेट्रॉइटकर
७५ने?! टायरवर वेगळं लिहिलेलं नसेल तर एसटीची मर्यादा ६५ मैल असते. त्यात बारा इंची चाक तुमच्या गाडीच्या चाकापेक्षा कितीतरी जास्त वेळा फिरतं. मालवणच्या दादांना हसू नका, १४५ आर १२चे ट्रेलर रेडियल इथेही मिळतात. फक्त एका बाजूला रेडियल, दुसऱ्या बाजूला साधा असं करू नका.

मालवणीतडका
बघा! आणि मासे काय मिळतात तिकडे?

तळ्याकाठी
वॉलआय. तिरफळं घालून तिखलं मस्त होतं.

शरयू_अ‍ॅन_आर्बर
तिरफळं कुठे मिळाली??

नटबोल्ट
तिरफळांचा वेगळा धागा काढा. तळ्याकाठी, तुम्ही 'पुन्हा गेला' म्हणालात. कितव्यांदा? कुठल्या बाजूचा?

तळ्याकाठी
दोन वर्षांत दुसऱ्यांदा, दोन्ही वेळा डावाच. उजवा मूळचाच आहे, ठणठणीत. त्यावर शेवटचे आकडे २३१७.

नटबोल्ट
२३१७ म्हणजे २०१७चा तेविसावा आठवडा. तो कसला ठणठणीत, नक्षी शाबूत असली तरी आतून वाळला असणार. दोन्ही बदला. आणि डावा झिजला कुठून?

तळ्याकाठी
फक्त आतल्या कडेने. पार आतले धागे दिसतायत. बाहेरच्या बाजूला नक्षी नव्यासारखी आहे.

नटबोल्ट
हे पहिल्या ओळीत सांगायचं होतं हो! आता बी घ्या नाहीतर झेड, तोही असाच जाणार. एकतर अ‍ॅक्सल वाकलाय, नाहीतर बेअरिंग सैल झालंय. जॅक लावा, चाक वरखाली धरून हलवा. आणि मला सांगा, तळ्यावर पोचल्या पोचल्या बोट पाण्यात सोडता ना?

तळ्याकाठी
हो. रॅम्पवर मागे रांग असते, थांबू कोण देतंय?

नटबोल्ट
तास-दीड तास धावून हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग बसतं तो मधला भाग, तापलेला असतो. तो गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, आणि सील जुनं असेल तर पाणी आत ओढलं जातं. वीस मिनिटं थांबा, बर्फाची पेटी तेवढ्यात उघडा. हबवर हात ठेवून बघा, चटका बसला तर अजून थांबा.

हायवेवीर
मी कधीच थांबत नाही. काही होत नाही.

तळ्याकाठी
शुक्रवार रात्र, गॅरेजमधून. जॅक लावून चाक हलवलं तर खडखड वाजलं. हबची टोपी काढली तर आत ग्रीस नाही, चक्क पियूष! पिवळट, पातळ, बोटाला चिकटेना. बेअरिंगवर गंजाचे ठिपके. स्पिंडल (अ‍ॅक्सलचं बेअरिंग बसतं ते टोक) एक पूर्णांक एक सोळांश इंच भरला, म्हणजे बेअरिंगचा नंबर एल ४४६४९. बेअरिंग आणि सील दोन्ही चाकांना सांगितलंय, उद्या दुपारी मिळेल. टायर बीचे दोन आणले. शनिवारचं जाणं रविवारवर ढकललंय, घरात कोणी माझ्याशी बोलत नाहीये.

मालवणीतडका
म्हणजे १४५ आर १२ नाहीच घेतलेत?