मदत हवी आहे : महाशीरसाठी नदीचं काम, सुरुवात कुठून?

नमस्कार मंडळी. कऱ्हाडच्या वरच्या अंगाला, कोयनाकाठी, काही गावकरी आणि भोई मंडळी मिळून महाशीरसाठी काम करायचं म्हणतोय. पावसाळ्यात हा मासा प्रवाहाच्या वर सरकतो आणि स्वच्छ, वाहत्या पाण्यात खडीवर अंडी घालतो. खडीत गाळ भरला की अंडी गुदमरतात. आमच्याकडे वाळूउपशाने खडीच उरली नाही. त्यात चिलापी (तिलापिया, बाहेरून आलेला मासा) माजलीय ती वेगळीच.

अमेरिकेत सॅल्मन माशांना प्रवाहाच्या वर जाता यावं म्हणून एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ दरम्यान पाडली. आपल्याकडे ते बोलायचीही सोय नाही! म्हणून नदीला मिळणारे ओढे आधी धरावेत असं मला वाटतं.

लोणावळ्याला टाटा पॉवरच्या केंद्रात महाशीरची पिल्लं तयार होतात. ती आणून सोडू, असा काहींचा आग्रह आहे. मला तो पटत नाही. जागाच नीट नसेल तर पिल्लं जगणार कशी?

खरी अडचण समन्वयाची. पाटबंधारे, मत्स्यव्यवसाय, वनखातं, ग्रामपंचायती, यांत आधी कुणाकडे जायचं? कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) पावसाआधी वेळेत निघावेत यासाठी कुणी पाठपुरावा केलाय का? वारणा किंवा येरळाकाठच्या कुणाला अनुभव असेल तर जरूर सांगा.