सोरायसिस फक्त कातडीपुरता नसतो
सोरायसिसवाल्यांचं (कातडीवर खवल्यांचे चट्टे येणारा आजार) वजन वाढतं म्हणून हार्टचा त्रास होतो, असं काही जण म्हणतात, पण ते अर्धंच बरोबर आहे. 2006 सालच्या ब्रिटनमधल्या अभ्यासात वजन, सिगारेट, बीपी, शुगर सगळं हिशोबात धरूनही तिशीतल्या तीव्र सोरायसिसवाल्यांना हार्ट अटॅकचा धोका तिपटीच्या आसपास निघाला होता, म्हणजे सोरायसिसमधली शरीराच्या आतली सूज रक्तवाहिन्यांनाही सोडत नाही.

आणि एक राहिलं, चट्टे अंगाच्या 10 टक्क्यांहून जास्त असतील (बोटांसकट आपला तळहात म्हणजे साधारण 1 टक्का) तर रिस्क कॅल्क्युलेटरचा (हार्टच्या त्रासाचा पुढचा धोका टक्क्यांत सांगणारं गणित) आकडा दीडपट धरावा असं 2019 च्या अमेरिकन गाईडलाईनमध्ये आहे, म्हणजे 6 टक्के आला तर 9. मला कित्येक वर्षं नुसती मलमं मिळाली, बीपी मोजायचं कुणाला सुचलंच नाही, शेवटी दाताच्या डॉक्टरने मोजलं तेव्हा 160!