‘हिवताप’ या शब्दातले हीव

प्रश्न : मलेरियाच्या रोग्याचे अंग हाताला चटका बसावा इतके तापलेले असते. मग ‘हिवताप’ या शब्दात थंडी कशी आली? आणि ‘उष्माघातात ताप येतो’ हे वाक्य बरोबर मानावे का?

उत्तर : ‘ग्राम’चे ‘गाव’, ‘नाम’चे ‘नाव’, तसे ‘हिम’चे ‘हीव’ झाले. हा शब्द दुखण्याचा क्रमच सांगतो आणि म्हणूनच तो मला फार मोलाचा वाटतो. आधी दातावर दात आपटू लागतात, दोन-तीन पांघरुणे घालूनही हुडहुडी थांबत नाही, मग अंग भाजू लागते आणि शेवटी दरदरून घाम सुटून ताप उतरतो.

मेंदूतल्या हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात रक्ताची ऊब ओळखणाऱ्या चेतापेशी असतात. त्वचेकडून येणारे थंड-गरम संदेशही तेथे पोचतात आणि एरवी शरीर सुमारे ३७ अंश सेल्सिअसवर राखले जाते. संसर्ग झाला की प्रोस्टाग्लँडिन ई-२ या द्रव्याच्या परिणामाने राखायची ही पातळीच वर सरकते. समजा ती ३९ झाली, तर ३७ अंशांवरचे शरीर मेंदूच्या लेखी गारठलेलेच ठरते. मग त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय गार पडतात आणि दोन अंशांची ती तूट भरून काढण्यासाठी स्नायू थरथरू लागतात. हीच हुडहुडी. ‘थंडी वाजून ताप येणे’ हा आपला रोजचा वाक्प्रयोग त्यामुळे शब्दशः खरा आहे. ‘कणकण’ ही त्याचीच सौम्य पायरी म्हणता येईल.

उष्माघातात मात्र ही पातळी मुळीच सरकत नाही. मेंदू शरीर थंड करण्याचाच प्रयत्न करत असतो, पण बाहेर टाकता येईल त्याहून अधिक उष्णता साचते आणि तापमान ४० अंशांच्या वर जाते. म्हणून तेथे ‘ताप येणे’ असे न लिहिता ‘शरीराचे तापमान वाढणे’ असे लिहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘ताप’ म्हटले की हात पॅरासिटामॉलकडे जातो. ते औषध प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखून वर सरकलेली पातळी खाली आणते. जेथे पातळी सरकलेलीच नाही तेथे त्याचा उपयोग होत नाही. उष्माघाताच्या रोग्याचे अंग तातडीने गार पाण्याने भिजवून वारा घालावा लागतो आणि विलंब न करता त्याला रुग्णालयात न्यावे लागते.