ताडपत्रीचा थर चिकट का होतो

ताडपत्री धुण्याच्या पावडरीत भिजवून गच्चीवर कडक उन्हात वाळवा, असा सल्ला काही जण देतात. पीयू (पॉलियुरेथेन, पाणी अडवणारा लेप) थराच्या नायलॉन ताडपत्रीला तो मारक आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. त्या उन्हातले अतिनील किरण नायलॉनचा धागा कमजोर करतात. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ स्पंज, दोनदा साध्या पाण्याने खळबळून सावलीत दोरीवर. मशीन आणि ब्लीच नकोच.

खरा घात पावसाळ्यात होतो. तोरणमाळच्या डोंगरावरून ओली आणलेली ताडपत्री तशीच पिशवीत राहिली की बुरशी धरते. शिवाय ओल आणि उष्णता मिळून पीयूचा थर तुटत जातो, हाताला चिकटतो, आंबूस वास मारतो. मग वरून पाणी रोखणारे कितीही फवारे मारा, गेलेला थर परत येत नाही. शिवणीच्या दुमडीत ओल दडते, तिथे बोट लावून बघा. पत्र्याच्या खोलीत नको, घरात सैल गुंडाळून ठेवा.

शिवण गळतेय? आधी थर ओळखा: सिलिकॉनच्या थरावर सिलिकॉनचाच सीलंट (शिवण बुजवायचा लेप) धरतो, पीयूवर पीयूचा. स्पिरिटने पुसून पातळ लावा, रात्रभर सुकू द्या.

मक्यावर टाकायची प्लास्टिकची ताडपत्री वेगळी. तिची कडेची रिंग आधी उपटते. तिथे कापडात गोल खडा धरून मागून दोरीचा फास आवळला की भागतं.