मदत हवी आहे : इटालियन आडनावं मराठीत लिहिताना इंग्रजी उच्चार धरावा की मूळचा?

नमस्कार मंडळी,

विज्ञानाच्या इतिहासावरचं एक इंग्रजी पुस्तक मी कुमार वाचकांसाठी मराठीत आणते आहे. काम बरंच पुढे गेलंय, पण इटालियन नावांपाशी अडलंय. संपादकांचं म्हणणं, "मराठीत जे रुळलंय ते ठेवा." मला हे पटत नाही, कारण रुळलेल्या नावांतच एकवाक्यता नाही. 'लिओनार्दो दा विंची' आपण कित्येक वर्षं 'द' आणि 'च' घालून, अगदी मूळच्या वळणाने लिहितो. मग पाऱ्याची नळी उपडी करून हवेचा दाब दाखवणारा तोरिचेल्ली काही ठिकाणी 'टॉरिसेली' का होतो? इंग्रजीतसुद्धा तिथे 'च'च आहे! म्हणजे हा उच्चार कुठलाच नाही, नुसती रोमन अक्षरं वाचलेली आहेत.

आतापर्यंत जे जमलंय ते आधी सांगते, म्हणजे तेच परत सांगण्यात तुमचा वेळ जाणार नाही. इटालियनमध्ये 'सी' या अक्षरापुढे 'आय' किंवा 'ई' आली की 'च' होतो आणि मध्ये 'एच' आला की 'क'. 'जी'चंही तसंच, 'ज' आणि 'ग'. म्हणून चेतापेशी रंगवण्याची पद्धत शोधणारा, १९०६ चं नोबेल मिळालेला तो गोल्जी. आणि १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहणारा तो माल्पीगी. मंगळावर रेषा पाहणारा स्कियापारेल्ली, 'शियापारेली' नव्हे. इथवर ठीक.

मला जास्त आनंद झाला तो त-ट चा. इटालियन 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दंत्य आहेत. इंग्रजीकडे ते नाहीत, म्हणून इंग्रजीवाटे आलेल्या नावांत आपण 'ट' आणि 'ड' लिहू लागलो. आपल्या लिपीत दोन्ही असताना विजेची बॅटरी बनवणाऱ्या व्होल्ताला 'व्होल्टा' का करायचं? 'त्स'चंही तसंच. 'चांगला', 'चमचा' यांतला आपला च म्हणजे जवळपास इटालियनमधला 'त्स'च. फक्त 'ई'पुढे आपण तो च तसा वाचत नाही, त्यामुळे इटालियन क्रांतिकारक मॅझिनीचं मूळ आडनाव लिहायला 'मात्सीनी' असंच लिहावं लागतं. सावरकरांच्या १९०७ सालच्या अनुवादापासून आपण त्यांना 'जोसेफ मॅझिनी' म्हणून ओळखतो. मूळ नाव जुसेप्पे मात्सीनी. इतकं घट्ट बसलेलं नाव मी बदलणार नाही, पण व्होल्ताला तोच न्याय लावायचा का, हे कळत नाही.

आता खऱ्या अडचणी.

आडनावाचा इंग्रजीत शब्द झाला, तिथे काय करावं? १८८१ च्या पॅरिसच्या विद्युत परिषदेत 'व्होल्ट' हे एकक ठरलं आणि ते मराठीतही 'व्होल्ट'च आहे. एकाच परिच्छेदात 'व्होल्ता' आणि 'व्होल्ट' आले तर तेरा वर्षांच्या मुलाला दोघांचं नातं कळेल का? कानातली नळी तर याहून अवघड. बार्तोलोमेओ एउस्ताकी या शरीरशास्त्रज्ञाच्या नावावरून इंग्रजीत ती 'युस्टेशियन' झाली आणि आपण तेच घेतलं. 'एउस्ताकी' लिहिलं तर वाचकाला नळी आठवत नाही, 'युस्टेशियस' लिहिलं तर माणूस इटालियन होता हे हरवतं. माझा कल असा : माणसाचं नाव मूळ उच्चाराने, संज्ञा रुळलेली, आणि पहिल्यांदा नाव येईल तिथे एका वाक्यात दोघांची गाठ घालून द्यायची. असं कुणी छापील पुस्तकात केलंय का? वाचताना खटकलं का?

दुसरं, अमेरिकेतली इटालियन घराणी. शेवटच्या प्रकरणात साथरोगतज्ज्ञ डॉ. फाउची येतात, त्यांचा प्रश्न नाही, 'च' तिथेही टिकलाय. पण दिग्दर्शक मार्टिन यांच्या आडनावाचा इटालियन उच्चार 'स्कोर्सेझे'च्या जवळ जातो आणि ते स्वतः 'स्कोरसेसी' म्हणतात. मला वाटतं, ज्याचं आडनाव तो म्हणेल तसं लिहावं. तिथे व्याकरण सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण मग एकाच पुस्तकात दोन नियम झाले. प्रस्तावनेत तशी टीप पुरेल का?

'पापाराझी'वरही अडले आहे. दिग्दर्शक फेलिनीच्या 'ला दोल्चे व्हिता' (१९६०) या चित्रपटातल्या छायाचित्रकाराचं हे आडनाव, पापारात्सो, अनेकवचन पापारात्सी. इंग्रजीने अनेकवचन उचललं आणि आपण 'एक पापाराझी' म्हणतो. हे मी तसंच ठेवणार आहे. मराठीत आलेला शब्द मराठीच्या नियमाने चालतो.

सगळ्यात तातडीचं म्हणजे शेवटची नामसूची. 'दा विंची' हे आडनाव नाही, फ्लोरेन्सजवळच्या विंची गावचा एवढाच अर्थ; म्हणून लिओनार्दो 'ल'खाली जाईल. गॅलिलिओचं आडनाव गॅलिलेई, पण त्याला जग पहिल्या नावानेच ओळखतं, तेव्हा तो 'ग'खालीच. पण चित्रपट दिग्दर्शक 'दे सिका' 'द'खाली आणि मेदिची घराण्यातले लोरेन्त्सो दे मेदिची 'म'खाली, हे वाचकाला कसं कळावं? इटालियनमध्ये 'दे' मोठ्या अक्षराने लिहिला की तो सहसा आडनावाचा भाग असतो. आपल्याकडे मोठं अक्षरच नाही. दोन्हीकडे नोंद करून एकीकडून दुसरीकडे पाठवावं, तर सूची फुगते आणि पानं मोजकी आहेत.

मराठीत अनुवादित पुस्तकांच्या सूची केलेल्या किंवा इटालियन शिकलेल्या कुणी इथे असाल तर कृपया सांगा, विशेषतः या 'दे'चं काय करता ते. प्रकाशकांची मुदत महिनाअखेरीची आहे.