नुसते माळ ओढणारे नव्हते
'कार्डिनल (पोपच्या खालोखालचे कॅथलिक धर्माधिकारी) म्हणजे माळ ओढणारे, त्यांना राजकारण काय कळणार' असं म्हणणाऱ्यांना चोख उत्तर म्हणजे चौदाव्या शतकातला स्पॅनिश कार्डिनल गिल आल्बोर्नोस. मूळचा स्पेनमधल्या तोलेदोचा आर्चबिशप, १३४० साली मुस्लिम फौजांविरुद्धच्या सालादोच्या लढाईत कास्तीलच्या राजासोबत हजर. १३५३ मध्ये रोमऐवजी फ्रान्सकडच्या आविन्याँत बसलेल्या पोप सहाव्या इनोसंटने त्याला पोपच्या हातचे गेलेले मुलूख परत मिळवायला इटलीत धाडलं. कुठे तह, कुठे वेढा. रिमिनी शहराच्या मालातेस्ता या सत्ताधारी घराण्याला तर हरवून पुन्हा पोपच्याच नावाने कारभाराला बसवलं. बेरकी माणूस! पोपच्या मुलखासाठीची त्याची १३५७ ची कायदेसंहिता १८१६ पर्यंत चालली. हिशेब मागितल्यावर त्याने पोपला जिंकलेल्या शहरांच्या चाव्यांनी भरलेली गाडी दाखवली म्हणतात, ती मात्र दंतकथाच असावी. इटलीतल्या बोलोन्यातलं त्याच्या मृत्युपत्रातून उभं राहिलेलं स्पॅनिश कॉलेज आजही सुरू आहे.